अभ्यासासाठी नको, खेळायला हवाय!

मराठी मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटरची खरेदी एका खोट्या शब्दाने सुरू होते. तो शब्द म्हणजे 'अभ्यासासाठी'. मुलाला गेम खेळायचे आहेत हे मुलाला माहीत असतं. आईलाही माहीत असतं. बाबांना तर पक्कंच माहीत असतं, कारण रात्री दीड वाजता पांघरुणातून 'कव्हर दे, कव्हर दे' असे आवाज त्यांनीच ऐकलेले असतात. तरीही दुकानाच्या काउंटरवर तिघं एका सुरात सांगतात, "इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालीय. अभ्यासासाठी चांगलासा पीसी दाखवा."

माझं म्हणणं एवढंच आहे, की मध्यम बजेटच्या पीसीतला सगळ्यात महागडा पार्ट हा शब्द आहे. त्याच्यापायी पैसे चुकीच्या डब्यात जातात, आणि वर ज्यांनी पैसे दिले त्यांचीच फसवणूक होते.

मी गिरीजचा. वसई रोड स्टेशनपासून पश्चिमेला, वाड्या-विहिरींच्या पट्ट्यातला. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे वाघोली, भुईगाव, निर्मळपर्यंतच्या ओळखीच्या घरांतून दुकानांची कोटेशन्स माझ्या व्हॉट्सॲपवर येतात. 'आयटी'तल्या माणसाला प्रिंटरसकट सगळं कळतं, अशी इथे श्रद्धा आहे. ती कोटेशन्स वाचून वाचून मला आता नमुना पाठ झालाय.

'अभ्यासाचं' कोटेशन

सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'कोअर आय७'. खाली १६ जीबी रॅम, एसएसडी, चार रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट. मग कुठेतरी 'ग्राफिक्स कार्ड ४ जीबी'. आणि शेवटच्या ओळीत 'एसएमपीएस – कॅबिनेटसोबत'.

आई-बाबा खूश, कारण आय७ म्हणजे आय५पेक्षा दोनने जास्त. मुलगा खूश, कारण दिवे लागतात. दुकानदार तर फारच खूश.

आता एकेक ओळ उलगडू. नुसतं 'आय७' म्हणणं म्हणजे नुसतं 'टेम्पो' म्हणणं. कुठल्या सालचा? २०११च्या आय७-२६००मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड होते. २०२२च्या आय३-१२१००मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत आणि तो आय३ त्या आय७ला कितीतरी मागे टाकतो. स्वस्तात 'आय७ पीसी' म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा हे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीतले जुने प्रोसेसर असतात. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे 'चार वर्षांच्या अभ्यासासाठी' घेतलेलं मशीन पहिल्याच दिवशी मुदतबाह्य.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' ही तर थट्टाच आहे. कार्डाचं नाव न लिहिता नुसती मेमरी लिहिली असेल, तर आत पुष्कळदा जीटी ७३०सारखं काहीतरी निघतं. ते २०१४चं कार्ड आहे. मेमरी म्हणजे गोदाम, कामगार नव्हे. मोठ्या गोदामात एकच म्हातारा हमाल ठेवून माल हलत नाही.

आणि समजा दुकानदार प्रामाणिक आहे, आय७ नवाकोरा आहे. तरी प्रश्न सुटत नाही. कॉलेजातलं सी, जावा, पायथन, रिपोर्ट लिहिणं, यूट्यूबवरची लेक्चरं हे सगळं आय३वर आरामात होतं. याउलट गेममध्ये बहुतेक भार ग्राफिक्स कार्ड उचलतं. 'अभ्यास' म्हटल्यावर बजेट प्रोसेसरकडे जातं, खेळाला लागणारं कार्ड शेवटी उरलेल्या पैशांत कोंबलं जातं. परिणाम असा, की अभ्यासाला जास्त आणि खेळाला अपुरा, असा पीसी घरी येतो. सहा महिन्यांनी मुलगा म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल." कार्ड टाकायला गेलं की कळतं, एसएमपीएस तेवढं पेलत नाही. तेही बदला. म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

खेळाची लाज

हे सगळं होतं, कारण आपल्याला खेळायची लाज वाटते. बारा हजारांची क्रिकेटची किट घेताना कुणी म्हणत नाही, "अभ्यासासाठी हवीय." टीव्ही घेताना कुणी म्हणत नाही, "बातम्यांसाठी." कॉम्प्युटरवरचा खेळ मात्र अजून व्यसनाच्या रांगेत उभा आहे.

याला थोडंफार कारण आहे. मध्यंतरी 'गेमिंग' हा शब्द रमी आणि पैसे लावायच्या ॲपवाल्यांनी पळवून नेला होता. घरातल्या मोठ्यांना 'ऑनलाइन गेम' म्हटलं की कर्जबाजारी झालेल्या कुणाची तरी बातमी आठवते. ती भीती खोटी नाही. पण ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यानेच ही दोन टोकं वेगळी केली आहेत: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. सरकारला जो फरक कळला, तो जेवणाच्या टेबलावर समजावून सांगणं अशक्य नाही.

दुसरा आक्षेप: मुलं वाया जातात. काही जातात. पण ती जास्त करून कुठल्या पडद्यावर जातात, ते बघा. पांघरुणातल्या मोबाइलवर. बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलेला डेस्कटॉप हे घरातलं सगळ्यात उघडं यंत्र आहे. पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, पंखा आवाज करतो, वीज गेली की यूपीएस कोकलतो. चोरून खेळायला याच्याइतकी वाईट वस्तू नाही. मुलावर नजर ठेवायची असेल, तर मोबाइल काढून घ्या आणि पीसी घेऊन द्या, असं मी गंभीरपणे म्हणतो.

कुणी म्हणेल, गेमिंग कार्ड अभ्यासालाही उपयोगी पडतं, तेच सांगा ना घरी. सांगता येईल. २०१२मध्ये 'ॲलेक्सनेट' नावाच्या ज्या प्रोग्रॅमने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं आणि आजच्या एआयच्या लाटेला जोर दिला, तो दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवला गेला होता. ती गेम खेळणाऱ्यांसाठी बाजारात आलेली कार्डं होती. इथे जवळच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 'राजी' हा गेम केला आणि २०२०मध्ये तो जगभर विकला. करिअरही आहे, सगळं आहे.

पण हा युक्तिवाद मला नकोय. तो खरा असला तरी 'अभ्यासासाठी'चाच धाकटा भाऊ आहे. प्रत्येक आनंदाला बायोडाटा का लागावा? दिवसभर कामाने डोकं पिकल्यावर माणसाला दोन तास दुसऱ्याच जगात हिंडावंसं वाटतं, हे कारण पुरेसं आहे. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसच्या कामाला आहे. माझा पीसी खेळायला आहे. पगारातून साठवून घेतला आणि घरी तसंच सांगून घेतला.

जे आई-बाबांच्या पैशाने घेतात, त्यांना तर हे जास्त लागू आहे. साठ-सत्तर हजार ही आपल्या घरांमधून लहान रक्कम नाही. कुणाच्या पीएफमधून येते, कुणाच्या वाडीतल्या फुला-भाजीच्या पैशातून. ते देणाऱ्याला 'नाही' म्हणायचा हक्क आहे. खोटं कारण सांगणं म्हणजे तो हक्क काढून घेणं. खरं सांगितलं तर कदाचित नकार मिळेल, कदाचित 'निम्मे तू कमव' असं उत्तर मिळेल. ते परवडलं.

आधी विहीर, मग पंप

खरं सांगितल्याचा व्यावहारिक फायदा लगेच दिसतो. प्रश्न योग्य क्रमाने विचारले जातात. आमच्याकडे वाडीत पंप बसवताना कुणी 'सगळ्यात भारी पंप द्या' म्हणत नाही. विहीर किती खोल, वाडी केवढी, पाणी किती वेळ ओढायचं, लाइनला व्होल्टेज किती येतं, यावरून हॉर्सपॉवर ठरते. पीसीचंही तेच आहे.

पहिला प्रश्न: कुठले गेम? 'सगळे' हे उत्तर नाही. तीन नावं सांगा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच खेळणार असाल, तर महागडं कार्ड कशाला? तिथे बरा प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर कामी येतो. सायबरपंक, रेड डेड रिडेम्प्शन २, बॉल्डर्स गेट ३ असलं काही डोक्यात असेल तर पैसे कार्डात घाला, आणि एसएसडी १ टीबीची घ्या. शेवटचे दोन गेम प्रत्येकी १५० जीबी जागा मागतात.

दुसरा प्रश्न: पडदा केवढा? १०८०पीच्या पडद्यावर साधारण २१ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३७ लाख, ४केवर ८३ लाख. कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला साठ-साठ वेळा रंगवायचे असतात. मध्यम बजेट म्हणजे १०८०पी, फार तर १४४०पी. ४केचा मॉनिटर घेऊन मध्यम कार्ड लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि एक फुकटचा सल्ला: १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. न निवडता ६०वरच वर्षभर खेळणारे महाभाग मी पाहिलेत.

हे ठरलं की कार्ड. मध्यम गटात आज आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी, इंटेलचं आर्क बी५८० ही नावं फिरतात. इथे मेमरीला अर्थ आहे, कारण कामगार तरुण आहेत. नवे मोठे गेम १०८०पीवरसुद्धा ८ जीबी भरून टाकायला लागलेत. म्हणून पाच वर्षं काढायची असतील तर १२ किंवा १६ जीबीचं कार्ड बघा. बी५८०मध्ये १२ जीबी आहेत, पण ते जुन्या प्रोसेसरवर लावू नका, तिथे ते लंगडतं. ९०६० एक्सटी ८ आणि १६ अशा दोन रूपांत येतं. डब्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

मग प्रोसेसर. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे, २०२२चे, अजून पुरेसे. पुढे प्रोसेसर बदलत राहायचा बेत असेल तर एएम५ बोर्डावरचा रायझन ५ ७६००. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. 'कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून एफवाला घेतलात तर महिनाभर काळा पडदा बघाल.

भाव आठवड्याला बदलतात, म्हणून मी रुपये सांगत नाही, वाटे सांगतो. मॉनिटर सोडून बजेटचे ३५ ते ४० टक्के कार्डाला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून २५. एसएमपीएसला ७-८. उरलेल्यात रॅम, एसएसडी, कॅबिनेट. 'अभ्यासाच्या' कोटेशनमध्ये हे वाटे करून बघा. घोळ लगेच दिसेल.

रॅमवर एक शब्द. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेत, कारण चिप बनवणाऱ्यांना एआयच्या डेटा सेंटरमध्ये जास्त पैसा दिसतो. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर 'क्रुशिअल' हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गेमवाल्यांच्या कार्डांवर वाढलेलं एआय आता गेमवाल्यांचीच रॅम पळवतंय, असा हा न्याय. तेव्हा ३२ जीबीचा हट्ट सोडा. १६ जीबी पुरे, शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या.

दिवे आणि वीज

आता माझ्याच वयाच्या लोकांकडे वळतो, कारण खोटेपणा फक्त आई-बाबांसमोरच होत नाही. 'अभ्यासासाठी'चा तरुण अवतार म्हणजे रंगीत दिवे. पंख्यात दिवे, रॅमवर दिवे, कीबोर्डात दिवे. इन्स्टाग्रामवर टाकायला फोटो छान येतो. पण या दिव्यांचे पैसे बहुतेक वेळा एसएमपीएसमधून कापलेले असतात, कारण तो डबा फोटोत दिसत नाही.

'कॅबिनेटसोबत' फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. छापायला शाईच लागते. त्याच्या बाजूच्या तक्त्यात '+१२ व्होल्ट'पुढचे अँपिअर बघा. समजा १६ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड खरं तर याच लाइनवर जगतात. आरटीएक्स ५०६० एकटं १४५ वॅट घेतं, त्यात प्रोसेसरचे शंभरेक मिळवा. झालं गणित. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर हाच आकडा चाळीसच्या पुढे असतो. '८० प्लस ब्राँझ' ही खूण कमीत कमी पाहा. ती फक्त वीज किती वाया जात नाही एवढंच सांगते, म्हणून सोबत पाच वर्षांची वॉरंटी आहे का तेही विचारा.

अमेरिकेतल्या किंवा दिल्लीतल्या यूट्यूबरला ही गोष्ट दोन वाक्यांत संपवता येते. आपल्याला नाही. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते, व्होल्टेज कसं नाचतं, हे वसईत कुणाला सांगायला नको. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली. तेव्हापासून मी एक नियम सांगतो: तळमजल्यावर पीसी जमिनीवर ठेवायचा नाही.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. गेम सुरू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर जातात आणि नेमका तेव्हाच यूपीएस मान टाकतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या, आणि तो पीसी नीट बंद करायला आहे, मॅच पूर्ण करायला नाही, हे स्वतःला बजावा. कॅबिनेट जाळीचं घ्या. समुद्र जवळ, हवा दमट, धूळ भरपूर. पुढून काचेने बंद केलेला पीसी म्हणजे झाकण लावलेला टोप.

ग्रँट रोडची वारी

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करावी की ऑनलाइन? त्या रस्त्याचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर कॉम्प्युटरवाला सांगेल की नाही शंका आहे. मी म्हणतो, आधी चार ऑनलाइन दुकानांचे भाव लिहून घ्या आणि मग जा. मधल्या वारी जा, रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात. परतताना संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये काचेचं कॅबिनेट घेऊन चढायचा विचारही करू नका. दुपारीच निघा आणि सामानाच्या डब्यात चढा.

काउंटरवर एक प्रश्न ठरलेला येतो: "बिल हवंय का?" या प्रश्नात दात दडलेले असतात. तीस हजारांच्या कार्डात साडेचार हजारांच्या आसपास जीएसटी असतो, त्यातले काही कमी करून तुम्हाला कच्च्या चिठ्ठीवर माल देतात. मला एका दुकानाने एकदा हेच सुचवलं, मी निघून आलो. कारण कार्डावर तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागताना पक्कं बिल आणि सिरिअल नंबर लागतो. दुबई-कुवेतहून काकांनी आणलेल्या कार्डाचं दुखणं तसंच. बहुतेक कंपन्या वॉरंटी जिथे माल विकला त्या देशातच देतात.

लॅपटॉपचं काय? हॉस्टेलला राहणार असाल, दर महिन्याला गाव बदलणार असाल, तर लॅपटॉपच घ्या, वाद नाही. पण घरीच राहणार असाल तर एवढं लक्षात घ्या, की त्याच नावाचं कार्ड लॅपटॉपमध्ये कमी विजेवर, कमी हवेत चालतं. आणि तीन वर्षांनी ते बदलता येत नाही. डेस्कटॉपचा एकेक पार्ट सुटा बदलता येतो. काय बिघडलं ते स्वतः उघडून बघता येतं. ज्याची पहिली मशीन मोबाइल आहे, ज्याने आजवर कुठल्याच यंत्राचं झाकण उघडलेलं नाही, त्याच्यासाठी हे लहान सुख नाही.

आता दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते लिहून देतो. पाठ करा, आणि त्याआधी घरी एकदा मोठ्याने म्हणा: "मला गेम खेळायला पीसी हवाय. हे तीन गेम, १०८०पीचा पडदा, एवढे पैसे. कार्डाचं पूर्ण नाव, प्रोसेसरचं पूर्ण नाव, एसएमपीएसचं पूर्ण नाव लिहून द्या. बिल पक्कं हवं."

एवढं बोलणाऱ्याला कुणी २०१४चं कार्ड विकत नाही. आणि घरी हे म्हटल्यावर बाबा गप्प बसले, तर घाबरू नका. ते बहुधा हिशोब करत असतात. निदान तो हिशोब खऱ्या आकड्यांवर होईल.